परदेशी पाहुणे आणि सावंतांचा गडगा

इलेक्शन ड्युटी करून आलेल्या माणसाला आमच्या ऑफिसात "कोण निवडून येणार?" असं कोणी विचारत नाही. "या वेळी काय झालं?" असं विचारतात. आम्ही पाणी खात्यातली माणसं. ड्युटीवरून आलो की पहिला दिवस पाय दुखतात म्हणून गप्प असतो, मग चहाच्या वेळेला एखादा किस्सा निघतो, आणि आठवडाभरात ते इतके साठतात की नळाची तक्रार घेऊन आलेला माणूससुद्धा तक्रार विसरून खुर्ची ओढून बसतो. माझे तर गेल्या वेळचेच अजून संपत नाहीत. कारण गेल्या वेळी मला बूथ दिलाच नाही. मला पाहुणे दिले!

आपल्याकडची निवडणूक बघायला परदेशातून निरीक्षक येतात. त्यांना गाडीतून फिरवायचं, बूथ दाखवायचे, जेवू घालायचं आणि संध्याकाळी धडधाकट परत करायचं, एवढंच काम. गायकवाड मॅडमचं, म्हणजे माझं, इंग्रजी चांगलं आहे असं कोणीतरी वर जाऊन सांगितलं होतं. ज्याने सांगितलं त्याला मी अजून शोधतेय.

पाहुणे दोन. दोघं दोन देशांचे. देशांची नावं सांगत नाही, माझी नोकरी अजून शिल्लक आहे. दोन्ही देश शेजारी, मधे एक नदी, आणि ती नदी कोणाची यावरून दोघांचं बोलणं बंद. त्यात तिकडे क्रिकेट नाही, म्हणजे राग काढायला जागाच नाही! अशी माणसं एका गाडीत कशी आली? तर आमच्याकडे गाड्या वाटल्या वर्णानुक्रमाने. नकाशावर देश शेजारी, यादीत अक्षरं शेजारी, म्हणून गाडीत पाहुणेही शेजारी. वाटणाऱ्याने बिचाऱ्याने नेमून दिलेलं काम केलं होतं.

*

एका पाहुण्यांच्या डोक्यावर कायम हॅट, दुसऱ्यांना जाड चष्मा. आमचे ड्रायव्हर विलास सावंत यांनी गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांचं बारसं करून टाकलं. हॅटवाले आणि चष्मेवाले!

हॉटेलच्या दारात गाडी लागली आणि बसायचं कुठे यावर सगळं अडलं. पुढची सीट दोघांनाही नको, कारण पुढे बसलं की मागचा काय करतोय ते दिसत नाही. मागे दोघांनी शेजारी बसायचं तर खांद्याला खांदा लागणार, तेही नको. शेवटी मधे मी बसले. मांडीवर माझी पर्स, दोन्ही हातांत दोन देशांच्या पाण्याच्या बाटल्या. पुढची सीट रिकामी, आणि तिच्यावर एसीची सगळी हवा.

सावंत आरशातून हे सगळं बघत होते. "मॅडम," ते म्हणाले, "यांचं पण गडग्याचंच दिसतंय."

सावंत मूळचे कणकवलीकडचे. गावाला दोन भावांच्या जमिनींच्या मधे रचलेल्या दगडांचा बांध आहे, त्याला तिकडे गडगा म्हणतात. सावंतांच्या मते हा गडगा दर पावसाळ्यात त्यांच्या जमिनीत सरकतो. त्यांचे थोरले भाऊ मोहनदादा यांच्या मते तो दादांच्या जमिनीत सरकतो. गडगा एकच, पण सरकतो दोन्हीकडे! त्यावरून भावांचं बोलणं कैक वर्षं बंद. मोहनदादा एका पक्षाचे, म्हणून सावंत दुसऱ्या पक्षाचे. उद्या दादांनी पक्ष बदलला तर सावंत संध्याकाळपर्यंत बदलतील.

यात वाट लागली ती आईची. आई कांजूरमार्गला, दादांच्या शेजारच्या खोलीत. सावंत बोरीवलीला. सावंत आईला भेटायला आले की दादा चप्पल घालून बाहेर पडतात. आणि मतदानाला आईला न्यायचं कोणी? दादांनी नेलं तर सावंत म्हणणार, वाटेत फितवलं. सावंतांनी नेलं तर दादा तेच म्हणणार. त्यामुळे म्हातारीने कैक वर्षांत मत दिलेलंच नव्हतं.

"आणि आई काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हणते, मत गेलं खड्ड्यात. माझे दोन झिल एका दारात उभे दिसले की मी डोळे मिटायला मोकळी." सावंतांनी गिअर टाकला. "झिल म्हणजे मुलगे, मॅडम. पण ते काय जमायचं नाय."

मला खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण डावीकडून आणि उजवीकडून एकदमच "एक्स्क्यूज मी" आलं होतं.

*

हे दोघं एकमेकांशी बोलत नसत. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

"त्यांना सांगा, खिडकी थोडी वर करा," हॅटवाले मला इंग्रजीत म्हणायचे. चष्मेवाले माझ्या पलीकडेच बसलेले, इंग्रजी उत्तम, कान शाबूत. पण ते समोर बघत स्वस्थ. मग मी उजवीकडे वळून तेच वाक्य इंग्रजीतच पुन्हा म्हणायचे. तेव्हा कुठे त्यांना ते ऐकू यायचं!

"त्यांना सांगा, ही माझ्या बाजूची खिडकी आहे."

मी डावीकडे वळायचे. "ते म्हणतात, ही त्यांच्या बाजूची खिडकी आहे."

गोरेगावला ट्रॅफिकमधे मी कंटाळले आणि चष्मेवाल्यांचं एक वाक्य पुढे पोचवलंच नाही. हॅटवाले वाट बघत थांबले. थोडा वेळ गेला. मग अस्वस्थ होऊन माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "ते काय म्हणाले?"

दोन फुटांच्या अंतरावर बसून त्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी माझ्याकडून आल्याशिवाय त्यांचा विश्वास बसेना. पाणी खात्यात इतकी वर्षं काढली, ए विंगला जास्त प्रेशर की बी विंगला यावरून माणसं व्हॉल्व्हपाशी पहारा देताना बघितली, पण असा पहारा मी नव्हता बघितला.

*

बोरीवलीला एका सोसायटीच्या हॉलमधे बूथ होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी, शाह त्यांचं नाव, गेटबाहेर पाहुण्यांसाठी टेबल मांडून चहा ठेवला. दोघांनी कपांकडे बघितलं, मग एकमेकांच्या कपांकडे बघितलं. पहिला घोट कोणी घ्यायचा? जो आधी पिणार तो धोका पत्करणार, आणि धोका दुसऱ्या देशासाठी कोण पत्करणार! चहावर साय धरायला लागली. शाहभाईंचा चेहरा पडला.

सावंत पुढे झाले. दोन बश्या घेतल्या, दोन्ही कपांतला थोडा थोडा चहा ओतला, दोन्ही प्यायले, मिशी पुसली आणि जिवंत राहून दाखवलं. मग पाहुणे प्यायले.

त्यानंतर दिवसभर जिथे चहा आला तिथे आधी सावंत. दुपारपर्यंत त्यांना असली अ‍ॅसिडिटी झाली की विचारू नका. "मॅडम, यांच्या देशांत शांतता झाली पायजे," छाती चोळत ते म्हणाले, "नायतर माझं पोट फाटेल."

तर त्या हॉलमधे एका बाकावर वेगवेगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट बसले होते. बाहेर प्रचारात एकमेकांना शिव्या घालणारी ही माणसं आत खाकऱ्याचा एकच डबा मधे ठेवून खात होती. एकाने घरचा छुंदा, म्हणजे कैरीचं गोड लोणचं, आणला होता, तो डब्याच्या झाकणावर फिरत होता. हॅटवाल्यांनी ताबडतोब डायरी काढली. हे विरोधक असून एका डब्यातलं खातात, म्हणजे यांचं आतून काहीतरी ठरलेलं आहे, असा त्यांना संशय आला. चष्मेवाल्यांनीही डायरी काढली. हॅटवाले काय लिहितायत त्याचा त्यांना संशय आला!

शाहभाई हे सगळं लक्ष देऊन बघत होते. आम्ही निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, हे लोक कुठे पण जाऊन वॉच ठेवतात?"

"बोलावलं तर जातात. का?"

"मग आमच्या सोसायटीच्या इलेक्शनला पाठवा ना प्लीज! खरी गरज तिथे आहे!"

*

खारदांड्याला रांगेत दोन शेजारी उभे होते. परदेशी माणसं बघून पहिला म्हणाला, "बघ, बाहेरून माणसं आणलीत, म्हणजे आत काहीतरी गडबड आहे." दुसरा म्हणाला, "अरे, गडबड असती तर बाहेरच्यांना दाखवली असती काय?" पहिला म्हणाला, "तू असं बोलतोस म्हणजे तू त्यांच्यातला." दुसरा म्हणाला, "तूच त्यांच्यातला." माझे पाहुणे थांबून ऐकत होते. भाषा कळत नव्हती, पण दोघांच्या चेहऱ्यावर घरी आल्यासारखा भाव होता.

पण खारदांड्याचा खरा किस्सा शाईचा. बोटावरची शाई पुसता येत नाही, हे पाहुण्यांना पटेना. सावंत सकाळीच बोरीवलीला मत देऊन आले होते, त्यामुळे गाडीत शाईचं बोट हजर होतं. हॅटवाल्यांनी ते हातात घेऊन निरखलं. चष्मेवाल्यांनी सॅनिटायझर काढला. सावंतांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पाहुणे आहेत, करू द्या.

सॅनिटायझरने शाई गेली नाही. हॅटवाल्यांनी समोरच्या टपरीवरून लिंबू आणलं. लिंबाने गेली नाही. मग चष्मेवाल्यांनी लिंबात मीठ घालायला सांगितलं. कोणाला सांगितलं? सरळ हॅटवाल्यांना! माझ्याशिवाय! आणि हॅटवाल्यांनी मीठ घातलं! मग टूथपेस्ट झाली, पेट्रोलचा बोळा झाला. एकाने मनगट धरायचं, दुसऱ्याने घासायचं. दोन शत्रुराष्ट्रांची ती पहिली संयुक्त मोहीम, आणि रणांगण कुठलं, तर सावंतांचं बोट.

मासळीची पाटी घेऊन चाललेली एक कोळीण थांबून बघत होती. तिने स्वतःचं शाईचं बोट दोघांच्या नाकासमोर धरलं. "सकालपासून मावरा साफ करतंय मी. नाय गेली. लिंबू फुकट नका घालवू, कालवनात घाला!"

मी भाषांतर केलं. दोघांनी मान डोलावली आणि डायऱ्या काढल्या. शाई पक्की आहे, असं दोघांनी लिहिलं. त्या दिवसात दोघांचं एकमत झालेलं ते एकच वाक्य. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की पुन्हा माझ्यामार्फतच बोलायला हवं, आणि खिडकीचं परत सुरू झालं.

*

दुपारनंतर कांजूरमार्ग. एका शाळेतला बूथ आमच्या कार्यक्रमात होता, आणि सावंतांची आई त्याच शाळेच्या मागच्या गल्लीत. सावंत म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं आईला बघून येऊ?" पाहुणे म्हणाले, आम्हीही येतो. सामान्य मतदाराचं घर बघायचं होतं त्यांना.

खोलीच्या दारात आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा वळेसर, मांडीवर ओळखपत्र. दर वेळी अशाच तयार होऊन बसतात म्हणे, आणि संध्याकाळी साडी घडी करून ठेवतात.

पलीकडच्या दारात मोहनदादा. भावाला बघताच त्यांनी चप्पल घातली, पण गेले नाहीत. आज गेलो तर हा आईला घेऊन जाईल, हे त्यांना दिसत होतं.

आजींनी पाहुण्यांकडे बघितलं. "ह्ये कोण रे?"

"पावणे गे आये. इलेक्शन बघूक इलेत."

"एकाच गावचे?"

"नाय. शेजारचे. दोघांचा एकमेकांशी पटना नाय. बोलनत पन नाय."

आजी उभ्याच राहिल्या. "मगे बरे आसत! एक दुसऱ्यार नजर ठेवतलो. मी ह्येंच्यावांगडा मत घालूक जातंय. माका तुमच्यातलो कोण नको!"

दादा लगेच म्हणाले, "गाडयेतसून नको. गाडी त्याची!"

मग चालत निघालो. आजींनी काठी हॅटवाल्यांकडे दिली, पिशवी चष्मेवाल्यांकडे दिली आणि दोघांचे दंड धरले. चष्मेवाल्यांनी मला विचारलं, काठी हे तुमच्याकडे अधिकाराचं चिन्ह आहे का? मी नाही म्हटलं. त्यांना खरं वाटलं नाही. शेवटी जाताना काठी हॅटवाल्यांकडे आणि येताना चष्मेवाल्यांकडे असा करार झाला. पुढे मी, मधे आजी आणि दोन देश, रस्त्याच्या डाव्या कडेने मोहनदादा, उजव्या कडेने सावंत. खिडकीतून एका बाईने विचारलं, "कोण मोठी लीडर आहे काय गं?" मी म्हटलं, हो.

शाळेच्या फाटकावर भावांना बाहेरच थांबवलं. पाहुणे बूथच्या दारापर्यंत गेले. आजी आत एकट्या गेल्या. मशीनचा आवाज झाला तसे दोघं पाहुणे एकदमच "आह!" म्हणाले.

बाहेर आल्यावर सावंत एका बाजूने आले, दादा दुसऱ्या बाजूने. "आये, कोणाक घातलंस?" दोघांनी एकाच दमात विचारलं.

आजींनी हॅटवाल्यांची कॉलर धरून त्यांना खाली वाकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मग चष्मेवाल्यांना वाकवलं, त्यांच्याही कानात सांगितलं. चांगली दोन-तीन वाक्यं. अस्सल मालवणी! दोघांनी गंभीरपणे मान हलवली.

"काय सांगितलं तिने?" दादांनी मला विचारलं. मी पाहुण्यांना विचारलं.

"कॉन्फिडेन्शियल," हॅटवाले म्हणाले.

"स्ट्रिक्टली कॉन्फिडेन्शियल," चष्मेवाले म्हणाले.

गाडी निघाली. पूल ओलांडला. मग डावीकडून आलं, "त्यांना विचारा, ती बाई काय म्हणाली ते त्यांना कळलं का."

मी उजवीकडे वळले.

"त्यांना सांगा, मला शब्द न् शब्द कळला. आणि ते विचारतायत, याचा अर्थ त्यांना कळलेला नाही."

मी डावीकडे वळले.

"त्यांना सांगा, मला त्यांच्याआधी कळला."

*

पाहुणे गेले. पुढे दोघांचीही मला मेल आली, एकाच आठवड्यात. मजकूर जवळजवळ एकच. प्रवास चांगला झाला, श्री. सावंत यांच्या पोटाला आराम पडला का, आणि त्या दुसऱ्या गृहस्थांना आजीचं बोलणं खरोखर समजलं होतं का, हे गुप्तपणे कळवावं. मी दोघांना कळवलं, कॉन्फिडेन्शियल आहे.

हे मी ऑफिसात सांगितलं. तिथेच माझं चुकलं. कारण ऑफिसातून ते सावंतांच्या कानावर गेलं, आणि जाताजाता त्याचा अर्थ असा झाला की पाहुण्यांनी मॅडमना सगळं लिहून कळवलंय!

एका रविवारी सकाळी मुलुंडला माझ्या दाराची बेल वाजली. दार उघडलं तर समोर सावंत, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून मोहनदादा. आमचं दार अरुंद, दोघं जेमतेम मावत होते.

मी बघतच राहिले. "तुम्ही दोघं? एकत्र?"

"मी एकटाच येणार होतो," सावंत म्हणाले.

"म्हनून मी इलंय," दादा म्हणाले. "ह्यो एकटो आयकतलो आनि माका भलतोच कायतरी सांगतलो. त्याच्याच स्कूटरवरसून इलंय. सांगा मॅडम, आये काय बोल्ली?"

"एक मिनिट. तिथेच उभे राहा. हलू नका!" मी म्हटलं आणि फोन काढून कांजूरमार्गला व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या सुनेने, म्हणजे दादांच्या बायकोने, फोन आजींच्या समोर धरला. मी कॅमेरा दाराकडे वळवला.

आजींनी बघितलं. पदराने स्क्रीन पुसली आणि पुन्हा बघितलं.

"आये," दोघंही पुढे वाकून म्हणाले, "त्या पावण्यांच्या कानात काय सांगितलंस?"

आजी दोघांकडे नुसत्या बघत राहिल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "मॅडम, तेंका चाय दिया." आणि फोन बंद.

मी दोघांना सोफ्यावर बसवलं. सोफा तीन माणसांचा, मधली जागा दोघांनी रिकामी ठेवली. मला खरंच काही माहीत नाही असं मी शपथेवर सांगितलं, आणि दोघांचाही विश्वास बसला नाही. माझ्या नवऱ्याने चहा आणून टेबलावर ठेवला. दोन कप. सावंतांनी कपांकडे बघितलं. दादांनीही बघितलं. कोणी हात पुढे करेना. चहावर साय धरायला लागली.

मग मोहनदादांनी सावंतांच्या समोरचा कप उचलला, बशीत थोडा ओतला, पिऊन बघितला, आणि कप मधल्या रिकाम्या जागेवरून भावासमोर धरला.

"पी रे," ते म्हणाले. "साखर बरी आसा."